43 इंचांवरचं धूसर चित्र: सोप्यातल्या टीव्हीच्या नोंदी

16 जून 2024, रविवार

दुपारी नवा टीव्ही सोप्यातल्या, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या, लांब भिंतीवर चढला. 43 इंची, फुल एचडी. जुना 21 इंची डबा मे महिन्यात वळवाच्या विजेत गेला. दुकानात याच नव्या टीव्हीवर मोरपिसाचा एकेक तंतू मोजता येत होता. घरी दूरदर्शनच्या फ्री डिशचा जुना बॉक्स जोडला, संध्याकाळच्या बातम्या लावल्या आणि आई म्हणाली, "माणसं पाण्यात बुडल्यागत दिसत्यात रे."

आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं निम्मंशिम्मं. ती बातम्या ओठांवरून आणि खालून सरकणाऱ्या पट्टीवरून समजून घेते. जुन्या डब्यावर तिला हे जमत होतं. नव्यावर निवेदिकेचं तोंड मेणाचं दिसतं, ओठ हलले की नुसता डाग हलल्यासारखा वाटतो. गुडघ्यामुळे यंदा तिची पंढरीची वारी हुकणार आहे, एकादशी टीव्हीवरच बघायची आहे. आषाढी 17 जुलैला, म्हणजे हातात एक महिना.

दुकानदाराला फोन केला. "एचडी पॅक घ्या, सगळं नीट होईल," एवढंच उत्तर. आप्पा दरमहा पैसे भरायला तयार नाहीत. फ्री डिशला महिन्याचं काही भरावं लागत नाही आणि सह्याद्री तिच्यावर दिसतं. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत मराठी बातम्या याच वाटेनं येतात. तेव्हा आहे त्याच चित्राचं काय होतं ते बघायचं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला, म्हणजे माल तपासायला, आहे. जॉब रिजेक्ट झाला की आम्ही मशीनला शिव्या देत नाही, कुठल्या सेटिंगला माप बिघडलं ते शोधतो. इथंही तेच करणार. एका वेळी एकच बदल, आधीचा आकडा वहीत लिहूनच नवा.

17 जून

चित्र "खराब" आहे म्हणणं पुरेसं नाही. तासभर फक्त बघत बसलो आणि दोष वेगळे केले. चेहरे रुंद. पट्टीवरच्या अक्षरांभोवती पांढरी कड. लाल साडीचा रंग काठाबाहेर सांडतो आणि रंगाच्या कडेला बारीक ठिपके मुंग्यांसारखे सरकतात. कबड्डी लावली की खेळाडूंच्या अंगावर चौकोन उठतात, झटक्यात हात फिरला तर कडेला फणीसारखे दात. आणि कातडी मेणासारखी.

एवढे सगळे दोष एकाच कारणाचे नसणार, असा माझा अंदाज.

मोबाईलच्या नेटवर टीव्हीतच यूट्यूब लावून एक एचडी व्हिडिओ बघितला. लख्ख. म्हणजे पडदा निर्दोष. टीव्ही परत नेऊन द्यायचा विचार तिथंच सोडला.

18 जून

सकाळपासून झड. शेजारचे परशरामकाका छत्री घेऊन आले, "डिश हललीया, चल फिरवू." आप्पांचंही तेच मत. दोघांना कसंबसं थांबवलं.

आंटेन्याच्या काळात सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या. चित्र हळूहळू बिघडायचं. डिशचं तसं नाही. तिथं चित्र आकड्यांच्या रूपात येतं. ते आकडे पुरेसे पोचले तर चित्र जसंच्या तसं उभं राहतं. अगदीच कमी पडले तर तुकडे होतात, थिजतं आणि निळा पडदा येतो. चेहरा मेणासारखा होणं हे कमी सिग्नलचं लक्षण नव्हे. साडेतीनला जोराची सर आली तेव्हा हेच दिसलं: चित्र फुटलं, थांबलं, "सिग्नल नाही" आलं, वीस मिनिटांनी परत आलं. परत आलं ते पहिल्याइतकंच धूसर.

आमची डिश जीसॅट-15 या उपग्रहाकडे आहे, 93.5 अंश पूर्वेला. आपल्या भागातून तो आग्नेयेला येतो, क्षितिजापासून साधारण 61 अंश वर. छतावर जाऊन लंबक लावून बघितलं, डिश जागेवर आहे. नट घट्ट केले आणि उतरलो.

20 जून

वायर. टीव्ही बसवायला आलेल्या मुलानं बॉक्समधून पिवळी-लाल-पांढरी अशी तीन तोंडांची वायर काढून एका छोट्या अ‍ॅडॉप्टरमधून टीव्हीत घातली होती. पिवळ्या एकाच तारेतून उजेड आणि रंग दोन्ही एकत्र जातात. पाल (PAL) या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत रंग 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला असतो, आणि टीव्हीला तो पुन्हा उजेडापासून सोडवून घ्यावा लागतो. तांदळात कालवलेली मोहरी निवडल्यासारखं. थोडी राहतेच. ते सरकणारे ठिपके आणि सांडणारा लाल रंग म्हणजे हीच राहिलेली मोहरी.

बॉक्सच्या मागं धुळीखाली एचडीएमआयचं तोंड होतं. बेळगावात खडे बाजारातून साधी दोन मीटरची वायर आणली. दुकानातला मुलगा सोन्याच्या मुलाम्याची महाग वायर पुढं करत होता. एवढ्याशा अंतराला साध्या वायरीतूनही आकडे जसेच्या तसे पोचतात, त्यामुळं घेतली नाही.

लावल्याबरोबर ठिपके गेले. लाल साडी काठाच्या आत आली. चेहरे रुंदच, मेणाचेच.

एक नवा त्रास: आईसाठी बॉक्सच्या लाल-पांढऱ्या तोंडांना जो स्पीकर जोडलाय, त्याचा आवाज आता ओठांच्या आधी येतो. टीव्ही एचडीएमआयनं आलेलं चित्र घोटत बसतो, तेवढ्यात आवाज थेट बॉक्समधून निघून जातो. स्पीकर काढून टीव्हीच्याच इयरफोनच्या तोंडाला लावला. टीव्ही स्वतःचा आवाज चित्राबरोबर थांबवून सोडतो. आईनं लगेच मान हलवली. ओठांवरून बोलणं वाचणाऱ्या माणसाला हा फरक आपल्या आधी कळतो.

22 जून

रुंद चेहरे. एका चॅनेलचं चिन्ह गोल आहे. स्टीलची पट्टी लावली: रुंदी 48 मिलिमीटर, उंची 36. भागाकार 1.33. हा आकडा बघून बरं वाटलं, कारण 4:3 (रुंदी:उंची) चं जुन्या आकाराचं चित्र 16:9 च्या रुंद पडद्यावर ताणलं की नेमकं एवढंच बिघडतं. बॉक्सही ताणत होता आणि टीव्हीही "पूर्ण" वर होता. बॉक्समध्ये पडदा 16:9, जुन्या आकाराच्या चित्राला बाजूला काळ्या पट्ट्या असं ठेवलं, टीव्ही "मूळ" वर. चिन्ह 36 बाय 36.

आता 4:3 च्या कार्यक्रमाला दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर काळं राहतं. आप्पा म्हणाले, "एवढे पैसे देऊन बाजू काळ्या कशाला?" आई म्हणाली, "असू दे. माणूस माणसाएवढा दिसतोय."

"स्क्रीन फिट" सुरू केलं. आतापर्यंत टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापत होता, खालच्या पट्टीचे उकार दिसतच नव्हते.

23 जून, रविवार

आमच्या बॉक्सला पेनड्राईव्हवर रेकॉर्डिंग होतं हे आज लक्षात आलं, आणि इथून पुढचं काम सोपं झालं. चालू कार्यक्रमात दर क्षणी चित्र वेगळं, मग सेटिंगनं सुधारलं की दृश्यच बदललं हे कसं कळणार? चार तुकडे रेकॉर्ड केले: निवेदिकेचा जवळचा चेहरा आणि पट्टी, कबड्डी, पावसातलं शेत, रात्रीचा प्रसंग. कारखान्यात गेज तपासायला मास्टर पीस असतो तसे हे.

टीव्ही "डायनॅमिक" वर होता. बॅकलाइट 100, शार्पनेस 60, नॉईज रिडक्शन "हाय", डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू. दुकानाच्या झगमगाटात एचडी नमुना दाखवायला हे ठीक असेल. आमच्या सोप्यात एक ट्यूबलाइट आहे.

शार्पनेस या शब्दानं माझी बरीच वर्षं फसगत केली. हे बटण चित्रात तपशील भरत नाही. जिथं काळं-पांढरं भेटतं तिथं काळ्याची कड आणखी काळी आणि पांढऱ्याची आणखी पांढरी करतं. एचडी चित्रात ही रेघ बारीक असते. लहान चित्र फुगवल्यावर रेघही फुगते, आणि अक्षराला पांढरा काठ येतो. शिवाय ते चौकोनांच्या सीमासुद्धा "धारदार" करून दाखवतं. 60 वरून 40, 20, 10 असं उतरवत आलो. दर वेळी निवेदिकेचा तोच तुकडा. 10 ला काठ गेला.

आई पहिल्यांदा म्हणाली, "आणि मऊ झालं." मी काही न बोलता दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं, मग परत 60 केलं. तिनं तोंड फिरवलं. "ते नको, टोचतंय."

मेणाची कातडी नॉईज रिडक्शनची. ते आधीचं आणि आताचं चित्र मिसळून बारीक खळबळ पुसतं. पण ओठांची हालचालही त्याला खळबळच वाटते! आईचं दुखणं इथं होतं. पूर्ण बंद केलं तर सपाट भिंतींवर किडे वळवळल्यासारखं झालं, कबड्डी तर बघवेना. ती माझी चूक. "लो" वर आणलं. चौकोन बोथट करणारं वेगळं एमपीईजी नॉईज रिडक्शन आहे, ते मध्यम. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, "स्टँडर्ड" मोड, बॅकलाइट 55.

रात्री आईनं बातम्यांतलं एक वाक्य मला परत म्हणून दाखवलं.

24 जून

संध्याकाळी घरी आलो तर सगळं पहिल्यासारखं. डायनॅमिक, 60, "हाय". भाच्यावर संशय घेतला, त्याला विचारलं, तो रडवेला झाला. बिचाऱ्यानं रिमोटला हातही लावला नव्हता.

पुन्हा लावलं. अर्ध्या तासात, माझ्यासमोर, कुणीही न दाबता परत उडालं.

25 जून

सापडलं. टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना "घर की दुकान" असं विचारतो, आणि बसवणाऱ्यानं "दुकान" दाबलं होतं. दुकानात गिऱ्हाईक काहीबाही फिरवून जातात, म्हणून त्या मोडमध्ये टीव्ही ठरावीक वेळानं आपोआप झगमगत्या सेटिंगवर परत येतो. मेनूत खोल जाऊन "घर" केलं, सगळे आकडे वहीतून पुन्हा भरले. लिहून ठेवायची सवय आज कामी आली.

भाच्याची माफी मागितली. त्याला कुंदा आणून द्यायचा आहे.

टीप: हे आकडे फक्त त्या एचडीएमआय तोंडापुरते राहतात. यूट्यूबचे वेगळे. म्हणून एक जागा सुधारताना दुसरी बिघडली नाही.

27 जून

दोन दिवस सगळं जागेवर टिकलं. आता चौकोन.

कबड्डीचा तुकडा थांबवून पट्टी लावली. एक चौकोन उंचीला साडेसात मिलिमीटरच्या आत-बाहेर, रुंदीला चौदा. आपल्याकडच्या साध्या चित्रात 576 ओळी असतात, आणि ते दाबून पाठवताना आठ बाय आठ ठिपक्यांचे ठोकळे करतात. 576 भागिले 8 म्हणजे 72 ठोकळे. पडद्याची उंची 53.5 सेंटिमीटर, भागिले 72, उत्तर 7.4 मिलिमीटर. जुळलं. म्हणजे चौकोन पडद्यानं केलेले नाहीत, ते चित्राबरोबर आलेले आहेत.

रुंदीचा आकडा मात्र बसेना. आडवे 720 ठिपके धरले तर ठोकळा साडेदहा मिलिमीटरचा हवा, माझा चौदा. 95.2 सेंटिमीटर भागिले 14 म्हणजे 68 ठोकळे, गुणिले 8 म्हणजे 544. पेनड्राईव्ह कारखान्यात नेऊन लॅपटॉपवर फाईलची माहिती उघडली: 544 बाय 576. स्टीलच्या पट्टीनं काढलेला आकडा खरा निघाला याचा आनंद मी दिवसभर कुणाकुणाला सांगत होतो.

एकाच वाटेवरून बरीच चॅनेल न्यायची तर प्रत्येकाच्या वाट्याला जागा थोडीच. निवेदिका बसून बोलते तिला ती पुरते, कबड्डीतल्या झटापटीला पुरत नाही, मग ठोकळे उघडे पडतात.

हिशेब केला. 544 गुणिले 576 म्हणजे 3,13,344 ठिपके. आमच्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600. साडेसहा पट. जेवताना सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे मांड्यागत ताणलंय म्हण की." अगदी तेच. हातावर मांडा कितीही पसरा, पुरण तेवढंच असतं.

28 जून

हे ताणण्याचं काम कुणी करायचं, बॉक्सनं की टीव्हीनं? बॉक्सला 576आय, 576पी, 720पी, 1080आय असे पर्याय आहेत (आकडा ओळींचा; आय म्हणजे एकाआड एक ओळी, पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम). आतापर्यंत 1080आय होतं, म्हणजे बॉक्स ताणून देत होता.

मूळ चित्र एकाआड एक ओळींचं असतं. सेकंदाला 50 वेळा 288 ओळी, कधी सम, कधी विषम. जुना नळीचा टीव्ही त्या तशाच मारायचा. नव्या पडद्याला त्या दोन अर्ध्या जोडून एक करावं लागतं, आणि मधल्या वेळात हात हलला असेल तर फणीचे दात दिसतात. आमच्या बॉक्सचं हे जोडकाम कच्चं आहे. 576पी ला दात सगळ्यांत जास्त. 576आय ठेवलं, म्हणजे बॉक्सनं काही न करता चित्र टीव्हीच्या हवाली केलं, तेव्हा दात जवळजवळ गेले. चॅनेल बदलताना क्षणभर काळं होतं, तेवढं चालेल.

दुसऱ्याच्या घरी उलटही निघेल. बॉक्स चांगला, टीव्ही हलका असेल तर बॉक्सकडेच काम द्यावं. दोन्ही करून बघण्यावाचून इलाज नाही.

30 जून, रविवार

मला वाटतं सगळ्यांत मोठा फरक आज पडला, आणि त्यासाठी एकही बटण दाबलं नाही.

धडधाकट डोळ्याला साधारण एका मिनिट-कोनाएवढं (अंशाचा साठावा भाग) बारीक वेगळं दिसतं, 3.4 मीटरवरून एक मिलिमीटर. त्या हिशेबानं 576 ओळींचं चित्र सलग दिसायला पडद्याच्या उंचीच्या सहापट लांब बसावं लागतं. जुना डबा 30 सेंटिमीटर उंच, सहा फूट पुरत होते, आईची बाज सात फुटांवर होती. नवा 53.5 सेंटिमीटर उंच. त्याला साडेदहा फूट हवेत. बाज तिथंच, सात फुटांवर. आम्ही टीव्ही बदलला आणि खोली तीच ठेवली. एचडी चित्राला सव्वातीन पट पुरतात, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फूट. दुकानात जवळ उभं राहूनही मोरपीस लख्ख दिसलं ते यामुळं.

बाज मागं सरकवायला आई तयार नाही. खिडकीच्या उजेडात ती तांदूळ निवडते. मग टीव्ही हलवला. सोपा लांबट आहे, लांब भिंतीवरून काढून आखूड भिंतीकडे नेला. तिथली भिंत जांभ्याची, ड्रिल मारलं तर भुसभुशीत, बोल्ट धरेना. सागवानी गुटका ठोकून बघितला, तोही हलला. शेवटी जुन्या डब्याचंच टेबल. बाजेपासून टेपनं अंतर दहा फूट चार इंच.

वायर जोडायला वरच्या गल्लीतला डिशवाला अण्णा आला होता. त्यानं बातम्या लावल्या, मागं जाऊन उभा राहिला, कन्नडमध्ये म्हणाला, "ईग नोड्री," म्हणजे आता बघा. थोडा वेळ स्वतःच बघत राहिला. "चलो ऐती." छान आहे.

अंतर वाढलं तरी पट्टीची अक्षरं आईला जुन्या डब्यापेक्षा मोठीच दिसतात. विचारून खात्री केली.

7 जुलै

उरलेलं: रात्रीच्या प्रसंगात काळोखात पायऱ्या दिसतात. कबड्डीत चौकोन अजून येतात, फक्त लांबून कमी बोचतात. हे दोन्ही पाठवलेल्या चित्रातच आहे, इथं बसून निघणार नाही.

आकडे पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीच्या मागं चिकटवले: स्टँडर्ड, बॅकलाइट 55, शार्पनेस 10, नॉईज लो, एमपीईजी मध्यम, आकार मूळ, बॉक्स 576आय.

13 जुलै

परशरामकाकांच्या घरी. त्यांचा 55 इंची, खुर्च्या आठ फुटांवर. हिशेबानं साडेतेरा हवेत, खोलीच बाराची. तिथं मी शार्पनेस उतरवलं, "दुकान" मोड तपासला (त्यांचा नव्हता), आणि साध्या चॅनेलपुरतं चित्र लहान करून मधोमध दाखवता येतं ते दाखवलं. काका म्हणाले, "एवढा मोठा आणला तो लहान बघायला व्हय?" पण काकूंनी रिमोट त्यांच्या हातात दिला नाही.

17 जुलै, आषाढी एकादशी

पहाटेपासून मुसळधार. सोप्याच्या पुढच्या पडवीला पत्रे आहेत, त्यांच्यावर पाऊस असा की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळेना. स्पीकर पूर्ण वर केला तरी आप्पांना काही ऐकू येत नव्हतं. पंढरपूरचं लागलं होतं, विठोबाच्या गळ्यातला तुळशीहार पानापानानं नाही पण हार म्हणून ओळखू येत होता. दोनदा चित्र थिजलं, परत आलं.

मग देवळाबाहेरच्या वारकऱ्यांना प्रश्न विचारू लागले. आप्पा म्हणाले, "काय म्हणतोय तो?" मला सांगता आलं नाही.

आईनं पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "एकविसावी वारी म्हणतोय. पाऊस लागला वाटेत, तरी आलो म्हणतोय."

सिग्नल 58. पुढचे चाळीस मिनिटं ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो.